दगडावरचं पान

परभणीच्या एका रोपवाटिकेत तो मजुरी करायचा आणि संध्याकाळी झरीकडच्या आमच्या गावी परतायचा. कुणाचं झाड आजारी पडलं की आम्ही पान घेऊन बौद्धवाड्याच्या तोंडाशी, त्याच्या दारी जायचो. पाठीमागं त्याला डॉक्टर म्हणायचो, तोंडावर 'ए' पुरायचं. पान त्याच्या हातात कुणी देत नसे. दारापुढच्या दगडावर ठेवायचं, मग त्यानं उचलायचं. मीही तेच करायचो. तो पान आधी उलटं करी, नखानं खरवडी. "मावा हाय. तंबाखूचं पानी मारा." त्याचा उपाय कधी चुकला नाही.

नामांतराच्या दंगलीनंतर त्याच्या दारातली लिंबोणी आठवड्यात वाळली. मी मोसंबीचं पान घेऊन गेलो, तर त्यानं लिंबोणीच्या बुडाची मूठभर माती माझ्यापुढं धरली.

"मालक, तुमी शिकलेले. हिला काय झालं, सांगा बरं."

मातीला रॉकेलचा वास येत होता. डबा कुणाच्या घरून आला, तेही मला ठाऊक होतं.

"पाणी कमी पडलं असेल," मी म्हणालो.

त्यानं मूठ उघडून माती परत बुडाशी टाकली. मला लाज वाटली असेल. त्या दिवशी पहिल्यांदाच मी पान त्याच्या हातात द्यायला गेलो. त्यानं हात मागं घेतला.

"दगडावर ठिवा."

मी ठेवलं. त्यानं उचललं, उलटं केलं, खरवडलं.

"हितं कायबी न्हाई. मुळ्या सडायल्यात. पानी तोडा, खोडाला मोरचूद अन् चुना लावा."

मोसंबी जगली. रोगाचं नाव त्यानं खरं सांगितलं होतं.