जेरुसलेमच्या दारात

ठिबक सिंचन बघायला आम्ही जुन्नरचे शेतकरी इस्रायलला गेलो, तेव्हा एक दिवस जेरुसलेमचा होता. जुन्नरच्या बाजारातल्या चाचांनी तिथल्या मोठ्या मशिदीत त्यांचा सलाम पोचवायला सांगितला होता. दारावरच्या माणसानं आधी धर्म विचारला आणि हिंदू म्हटल्यावर मला परत फिरवलं.

माझं डोकंच सणकलं. सोबत आमच्याच गावचा, बांधाला बांध असलेला शेजारी होता. त्याला म्हणालो, "देवाच्या दारात माणसाला जात इचारत्यात व्हय?"

पाण्याची बाटली माझ्या हातात देत तो शांतपणे म्हणाला, "आपल्या देवळात मी पायरीच्या वर कदी आलोय का, राव?"

दरवर्षी हरिनाम सप्त्याला देवळापुढच्या मांडवाचे खांब तोच रोवायचा. तो आत कधीच आला नव्हता, हे मला जेरुसलेमला जाऊन कळलं.