जेवण घेऊन येतो, घर दाखवा

जागृतीला प्रश्न पडतात. मासळीची पाकिटं बंद करायचं मशीन विकत घेतलं, तेव्हा दुकानदार ते चालवून दाखवत होता आणि ही मान वाकडी करून त्याच्या तळाशी काय आहे ते बघत होती. लग्न होऊन सातपाटीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने सासूला विचारलं होतं, "माई, दोन-दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवूनच का वाळत घालतात?"

"मग काय हात धरून उभे करू?" माई म्हणाल्या होत्या.

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. आता बोईसरला स्टेशनच्या बाजूला त्यांचा सुक्या मासळीचा छोटा गाळा आहे. कारखान्यातून सुटलेली माणसं खोलीवर जाता जाता जवळा, सोडे, बोंबील घेऊन जातात. पाकिटावर आणि काउंटरच्या काचेवर माईंचा फोटो आहे, खाली 'माईचा जवळा'. माशात वाळू निघाली तर लोक दुकानाला शिव्या देत नाहीत, माईंना देतात. त्यामुळे माई एकेक घमेलं स्वतः निवडून घेतात.

या गाळ्यात एका दुपारी दर्पण नावाचा तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात कसल्याशा सागरी आधार संस्थेची पत्रकं. डहाणूच्या पुढच्या एका वाडीची बोट बुडाली, तीन खलाशी गेले, त्यांच्या घरच्यांसाठी मदत गोळा करतोय, म्हणाला.

"ताई, तुमच्याकडून एक पैसा नको. फक्त हा स्टिकर काउंटरवर लावू द्या. गिऱ्हाईक स्कॅन करेल, मनाला येईल ते देईल."

जागृतीच्या तोंडून लगेच निघालं, "कुठली बोट? नाव काय तिचं?"

"गप!" माईंनी तिच्या हातावर चापट मारली. "केदार पाण्यात हाय. बुडालेल्या बोटीचं नाव घ्यायचं नाय, कितीदा सांगितलं?"

केदार म्हणजे जागृतीचा नवरा, तो त्याच सकाळी बोटीवर गेला होता. दर्पणने मान खाली घातली. "माई बरोबर बोलतात. नाव कशाला घ्यायचं?" आणि त्याने काउंटरच्या काचेवर, माईंच्या फोटोच्या अगदी शेजारी, स्टिकर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी ललित आला. हा एका कारखान्यातला कामगार, दर आठवड्याला सुकट नेणारा. त्याने फोन काढला, स्कॅन केलं, पैसे पाठवले आणि स्क्रीनकडे बघत राहिला.

"भाभी, ये तो किसी मोबाइल की दुकान का नाम आया. संस्था का नहीं."

"मग दिलेस कशाला?"

"आपकी दुकान पे लगा है, इसलिए दिया."

हे वाक्य जागृतीच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं. ललितने संस्थेवर विश्वास ठेवलाच नव्हता. त्याने तो माईंच्या फोटोवर ठेवला होता. संस्थेला स्वतःच्या नावाचं खातं का नसावं? आणि किनाऱ्यावरची रीत किनाऱ्याबाहेरच्या पोराने इतक्या पटकन कशी मान्य केली? तिला संशयापेक्षा जास्त कुतूहल वाटत होतं. मशीन उलटं करून बघावं, तसं हेही बघायला हवं होतं. पण नाव विचारायचं नाही म्हटल्यावर विचारणार काय?

वाट माईंनीच काढली, आणि तीही नकळत. दर्पण पुन्हा पत्रकं द्यायला आला तेव्हा त्या म्हणाल्या, "पैशाचं नंतर. त्या घरात चूल पेटली नसंल. आमी भात-डाळ घेऊन येतो. घर दाखव."

"माझ्याकडे द्या ना माई, मी वाडीत पोचवतो."

"मयताच्या घरी न्यायचं जेवण तिसऱ्याच्या हातात देत नाय, बाळा."

"घरचे गावाला गेलेत."

"आत्ता तर म्हणालात, वाडीत पोचवतो," जागृती म्हणाली. "खातं मोबाइलच्या दुकानाच्या नावावर का आहे, तेही सांगा."

"खातं नवीन उघडायचंय, ताई." त्याने घाईघाईत एका वाडीचं नाव सांगितलं, कामाचा फोन आल्यासारखा फोन कानाला लावला आणि बाहेर पडला.

जागृतीने लगेच स्टिकरवर कागद चिकटवला. सकाळी दोघी डबा बांधून एसटीने वाडीवर गेल्या. किनाऱ्यावर बायका मासळी निवडत बसल्या होत्या. माईंनी चपला काढल्या, आवाज उतरवला आणि विचारलं, "ज्यांच्याकडे दुःख झालंय, ते घर कुठलं, बाय?"

एका म्हातारीने त्यांना वरून खाली बघितलं. "कसलं दुःख? आमच्या सगळ्या बोटी त्या बघ, बंदरात. आमची माणसं मारायला आल्यात का तुमी?"

जागृतीने सगळं सांगितलं. म्हातारी आधी चिडली, मग हसायला लागली. "आता डबा आणलाच हाय तर सोडा की. जिवंत माणसांना पण भूक लागते."

सगळ्यांनी मिळून डाळ-भात खाल्ला. परतताना एसटीत माई म्हणाल्या, "माझ्या तोंडाशेजारी लावलान त्यानं ते खोटं."

जागृतीने स्टिकरचा फोनवर फोटो घेतला, तो काचेवरून सोलून काढला आणि पोलीस चौकीत नेऊन दिला. ललितला सायबर हेल्पलाइनला तक्रार करायला तिनेच शेजारी बसवलं. पण गिऱ्हाइकांना सांगायचं काम माईंनी कुणाला करू दिलं नाही. जो येईल त्याला त्या सांगत, "आमच्या काचेवर खोटं लागलं होतं. तुमी काही दिलं असंल तर लगेच तक्रार करा." एक बाई ऐकून काही न घेताच निघून गेली. माईंनी तिला थांबवलं नाही.

"बता तो दिया आपने," ललित म्हणाला आणि नेहमीची सुकट घेऊन गेला.

गेल्या महिन्यात समिधा नावाची एक मुलगी गाळ्यात आली. डोंगरातल्या मुलांचं वसतिगृह चालवतो, म्हणाली, काही मदत मिळेल का? जागृतीने संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारला, तो धर्मादाय आयुक्तांच्या साइटवर शोधला, खात्यावरचं नाव त्याच्याशी जुळवलं. आणि मग तिचा ठरलेला प्रश्न.

"आम्ही जेवण घेऊन आलो तर चालेल?"

"चालेल काय, आत्ता चला! आज आमची स्वयंपाकीणच आली नाही."

जागृती शटर ओढायला उठली. आत माई जवळ्याचं घमेलं पुढे ओढत विचारत होत्या, "पोरं तिखट खातात का गं?"