पोपटच्या गाडीतला बर्फ

सुकदेव गाडीच्या एसीचा रोग कानाने नाही, तळहाताने ओळखायचा. ऐन उमेदीची अकरा वर्षं लूमच्या खडखडाटात गेली आणि जाताना अर्धे कान घेऊन गेली. खातं, म्हणजे तो लूमचा कारखाना, बंद पडल्यावर त्याने लिंबायतमध्ये एका बोळाच्या तोंडाशी पत्र्याखाली दुकान मांडलं. शिकवायला कोणी नव्हतं. भंगारातला कंप्रेसर सात वेळा उघडला, सात वेळा जोडला, आठव्या वेळी तो त्याला उमगला. मग पाइपावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि नाडी पाहिल्यासारखं सांगायचं: गॅस कमी आहे, नाहीतर कॉइलवर कचरा बसलाय. टॅक्सीवाल्यांचा त्या हातावर भरवसा होता. त्याचा स्वतःचा तर त्यांच्याहून जास्त.

तो भरवसा पोपटच्या गाडीने पार धुळीला मिळवला.

पोपट त्याचा लूमवरचा जुना जोडीदार. आता तो रोज सकाळी साहेब लोकांना इच्छापोरच्या कारखान्यात नेऊन सोडायचा. वैशाखातलं ऊन, काचा बंद, आणि अर्ध्या वाटेवर गाडीतला वारा पडायचा. पंखा घुमत राही, पण हवा येत नसे. आतल्या कॉइलवर बर्फाचा थर चढून वाटच बुजायची. गाडी सावलीत थांबवली की खाली पाण्याची धार लागे आणि थोड्या वेळाने पुन्हा गार वारा सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

पहिल्या खेपेला सुकदेवने गॅस तपासला. बरोबर होता. दुसऱ्या खेपेला कॉइलला टेकलेला सेन्सर बदलला. तो कंप्रेसर वेळेवर थांबवत नसेल, असं वाटलं. तिसऱ्या खेपेला पंखा धुतला, फिल्टर काढून उजेडात धरला. फिल्टर इतका स्वच्छ, की जणू आजच दुकानातून आणलाय. दरवेळी गाडी दुकानापुढे दोन-दोन तास गार वारा सोडत उभी राहायची आणि दुसऱ्या दिवशी इच्छापोरच्या वाटेवर गोठायची.

"तुझ्या दारात ही सासरी आल्यासारखी गुणाची वागते," पोपट वैतागून म्हणाला, "आणि माझ्याकडे आली की माहेर!"

टॅक्सी स्टँडवरचा कुंदन तर लांबूनच गुजरातीत ओरडायचा, "सुकदेवभाई, आ धंधो छोडो, बरफगोळा वेचो!"

शेवटी पोपटने सांगून टाकलं, "उद्या सकाळी आणतो, शेवटचं. नाही जमलं तर कतारगामच्या मोठ्या गॅरेजात टाकतो. साहेब लोक दुसरी गाडी बघतायत."

सुकदेवला कळलं. जन्माचा जोडीदार कतारगामला गेला, की त्याच्यामागे सगळा स्टँड जाणार. मग या हातांनी काय करायचं?

उजाडताच तो उठला. गाडीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. रोग तिच्या घरी राहत असेल तर आपणच तिच्या घरी जावं, न सांगता.

पोपटच्या दारात त्याची बायको अंजनाबाई गाडीचं डावं दार उघडून आत वाकली होती.

"थांबा भाऊ, पाच मिनिटं," ती दचकून म्हणाली. "गाडी तुमच्याकडेच निघाली होती. आवरी देस तिले. घान गाडी कोणी दाखाडस का?"

तिने डॅशबोर्डचा खण काढला, त्यामागचा फिल्टर ओढला, आणि उशीची खोळ काढावी तशी त्याच्यावरची दुहेरी कापडाची खोळ सोलली.

"हे काय वहिनी?"

"खोळ. इथली धूळ, लूमची तुसं, नवा फिल्टर आठवड्यात काळा पडे. खोळ मी धुऊन घालते. तुमच्याकडे येताना काढते, मळकी दिसते म्हणून."

सुकदेव पायरीवर बसला आणि त्याने कपाळ धरलं.

"वहिनी, नाक दाबलंत तुम्ही तिचं! कॉइलवरून वाराच पुरता जाईना, म्हणून गारवा जागच्या जागी साचून बर्फ होत होता. आणि तीन खेपा! तीन खेपा मला आवरून, नटवून दाखवलीत!"

अंजनाबाईचा चेहरा उतरला. तेवढ्यात पोपट टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला.

"तिले काय बोलस? खात्यात पंख्याच्या मागे दुहेरी फडकं कोण बांधे? तूच शिकाडेल शे माले, तेच मी तिले सांगं. इसरी ग्या का?"

सुकदेवला तो उन्हाळा आठवला. वारा येत नाही म्हणून माणसं कुरकुरत होती, आणि हा छाती काढून म्हणत होता, पंखा बघा, आरशासारखा! वारा कुठे अडला, हे त्याने तेव्हाही पाहिलं नव्हतं.

खोळ त्याने खिशात कोंबली आणि साहेब लोकांसोबत पुढच्या सीटवर बसून, एसीच्या जाळीवर तळहात ठेवून इच्छापोरच्या फाटकापर्यंत गेला. वारा एकदाही पडला नाही.

परतल्यावर स्टँडवर कुंदन गाडीला आडवा आलाच. "शुं हतुं, सुकदेवभाई?"

पोपट खिडकीबाहेर पाहू लागला. खोळ हे एका शब्दाचं उत्तर पुरलं असतं. सुकदेवचा हात पुन्हा गाजला असता, आणि संध्याकाळपर्यंत अंजनाबाईला गल्लीतून चालणं मुश्कील झालं असतं.

"मारी भूल हती," सुकदेव खेकसला. "जुनी. आता चहा सांग, डोकं खाऊ नको."

आणि खिशातली ती खोळ काढून तिलाच त्याने तेलकट हात पुसले.