आवाजाचा सांधा

आधीच सांगून ठेवते, तो तारपा नव्हता. इतकी वर्षं झाली तरी जव्हारच्या बाजारात कोणी ना कोणी भेटतं आणि म्हणतं, तुम्ही कीबोर्डात तारपा भरला होता ना, छान केलंत, परंपरा जपलीत. मी काहीही जपलं नाही. भोपळ्याचा, फुंकून वाजवायचा तो तारपा त्याच्या घरी सुखात होता, नवं भात आलं की वाजत होता, त्याला माझी गरज नव्हती. मी केला तो आवाज विजेवरच्या यंत्राचा. तो मी यंत्रातूनच काढून यंत्रातच इतक्या वेळा घातला की शेवटी तो कंपनीचा उरला नाही.

आमचा पाडा सूर्यमाळच्या उताराला. पाड्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, बी.एस्सी., फिजिक्स. हे मी खाली मान घालून सांगत नाही. मुलगी शिकली म्हणजे तिनं शाळेवर नाहीतर अंगणवाडीत लागावं असा सगळ्यांचा हिशेब होता. मी जव्हारला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले आणि लग्नसराईत दादाच्या बँजो पार्टीत कीबोर्डवर बसायला लागले. पहिलं लोकांना कळलं नाही आणि दुसरं आवडलं नाही. मला मास्तरीण म्हणायचे ते दोन्ही मिळून.

तो कीबोर्ड दादानं कल्याणच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणला होता. फ्लॉपी घालायची फट होती, काही पट्ट्या अडकायच्या, आणि त्याच्याबरोबर इंग्रजी पुस्तक होतं जे कोणी उघडलेलंसुद्धा नव्हतं. मी डिक्शनरी घेऊन ते वाचलं. त्यात लिहिलं होतं की हे यंत्र स्वतःचाच आवाज टिपून घेऊ शकतं. हे वाचून मी दादाला सांगायला गेले तर तो म्हणाला, स्वतःचा आवाज टिपून काय करणार, आरशात आरसा बघणार? मी म्हटलं, बघू तरी.

आता टिपायचा कशासाठी, ते सांगते. एक कारण म्हणजे कंपनीचे आवाज सगळ्यांचेच होते. वाड्यापासून नाशिकपर्यंत ज्याच्याकडं तो कीबोर्ड, त्याच्याकडं तीच बासरी आणि तेच व्हायोलिन. आमची पार्टी वाजवतेय की विक्रमगडची, डोळे मिटले तर कळायचं नाही. मला ते सोसवत नव्हतं. दुसरं कारण यंत्राचंच होतं. त्याला एका वेळी ठरावीकच सूर काढता यायचे. मी बासरी, व्हायोलिन आणि एक नुसताच भणभणणारा आवाज असे तीन एकावर एक रचले, की एका पट्टीत तीन सूर खर्ची पडायचे. बाकीची बोटं ठेवेपर्यंत पहिलं बोट दाबलेलं असूनही मुकं व्हायचं. मग मी ते तिन्ही एकत्र वाजवले आणि यंत्रालाच ते टिपायला लावलं. आता ते तीन राहिले नाहीत, एक झाला. एक बोट, एक सूर. नागली दळली की दाणे परत वेगळे करता येत नाहीत हे खरं, पण भाकरी पिठाचीच होते. ज्यांना हे मिश्रण पुढंमागं बदलता यावंसं वाटतं, ते शेवटपर्यंत दाणेच चाळत बसतात.

मला चटक लागली. टिपलेला आवाज खालच्या पट्टीवर वाजवला की तो नुसता खाली जात नाही. तो लांबतो, सैल होतो, त्याच्या आतला खरखरीतपणा वर येतो. तो मी परत टिपला. मग आमच्याच घरापुढं बांबूला भोंगा बांधून त्यातून तो दरीकडं सोडला आणि माइक लांब काजूच्या झाडाखाली ठेवून परत भरला. आता त्यात भोंग्याच्या पत्र्याचा नाकातला सूर होता, समोरच्या डोंगरावरून परत आलेलं काहीतरी होतं आणि जनरेटरची घरघर होती. पुस्तकात लिहिलं होतं, दर वेळी भरताना दर्जा घसरतो. घसरू दे म्हटलं. फ्लॉपीत जागाच एवढीशी, की हलक्या दर्जानं भरल्याशिवाय लांब आवाज मावायचाच नाही. याला रिसॅम्पलिंग म्हणतात आणि शहरात बंद खोल्यांत बसून लोक हेच करतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्याकडं लाइट असेल नाहीतर पार्टीच्या जनरेटरला डिझेल असेल तेव्हा करायचं, एवढाच नियम होता.

घोटाळा झाला तो सांध्यावर.

टिपलेला आवाज संपतो. पट्टी दाबून धरली तर यंत्र त्याच्या शेवटाला परत सुरुवात जोडतं आणि फिरवत राहतं. ही जोड नीट बसली नाही की तिथं टक् होतं. घरी भोंग्यातून ऐकताना मला ते जाणवलंच नव्हतं. मोखाड्याजवळच्या एका लग्नात मी तो आवाज लावला आणि लांब धरून ठेवला. लोक ओळीत नाचत होते, कमरेला हात, पायाला पाय. आमच्याकडं लग्न असो की काही असो, पाय तारप्याच्या सवयीचे असतात. वाजवणाऱ्यानं चाल बदलली की ओळ उलटी वळते, कोणी सांगायला लागत नाही. ओळीच्या टोकाला माझी आत्या होती. आवाजाचा सांधा आला, टक् झालं, आत्या वळली. तिच्यामागं अख्खी ओळ वळली. चार पावलं गेली नाहीत तोच परत सांधा आला. परत वळली. पुन्हा टक्, पुन्हा वळण. शेवटच्या माणसांना मागचं वळण पोचायच्या आधी पुढचं आलं, ओळ मध्येच दुमडली आणि नवरीकडची एक बाई थेट आचाऱ्याच्या भातावर जाऊन बसली.

लोक हसून हसून लोळले. भिवंडीच्या गोदामात काम करणारी आमची पोरं सुट्टीवर आली होती, ती ओरडली, “मास्तरीण, मशीन को हिचकी आयी, पानी पिलाओ.” पुढं महिनाभर मला रस्त्यात कोणीही पाण्याचा तांब्या दाखवायचं.

आत्याला मी विचारलं, एवढं होतंय ते दिसत होतं तर वळत का राहिलीस. ती म्हणाली, “मी नाही चुकले. तुझ्या डब्यानं वळ म्हटलं, मी वळले.”

दादाला मात्र हसू येत नव्हतं. पार्टीचं नाव जातंय, असं बाकीचे त्याला म्हणत होते. मुलीच्या हाती यंत्र दिलं की असंच होणार, असंही म्हणत होते. हे मला त्यानं स्वतः सांगितलं, लपवलं नाही. पुढचं लग्न आमच्याच पाड्यातलं होतं. तो म्हणाला, त्या लग्नात जव्हारचा एक वाजवणारा बोलावून ठेवतो. तू कंपनीचे आवाज वाजव, बस, मला काही म्हणायचं नाही. पण तुझा तो आवाज लावलास आणि ओळ मोडली, तर तिथंच उठायचं. मग तो बसेल, आणि पुढंही तोच बसेल.

म्हणजे मला सरळ वाट होती. बासरी, व्हायोलिन, गप्प बसणं.

मी मात्र दुसराच विचार करत होते. कंपनीच्या एवढ्या गुळगुळीत आवाजांपैकी एकानंही आमच्या माणसांना कधी वळवलं नव्हतं. लोक त्यावर नाचायचे, पण वाजवणाऱ्याकडं कान नसायचा. माझ्या आवाजाच्या चुकलेल्या टाक्यानं अख्खी ओळ वळवली. मग चूक कसली? चूक एवढीच, की ती यंत्राच्या मर्जीनं येत होती, माझ्या नाही.

म्हणून मी दोन कामं केली. मूळ आवाजाचा सांधा आधी मिटवला. फ्लॉपी क्लासच्या कॉम्प्युटरमध्ये घातली की आवाजाची लाट पडद्यावर दिसते. ती मधल्या रेषेला जिथं छेदते तिथंच कापायची आणि तिथंच जोडायची, दोन्ही टोकं थोडी एकमेकांवर चढवायची. मग टक् होत नाही. लाटा, छेद, कंपनं हे सगळं मी कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते उपयोगी पडलं तेव्हा कॉलेजची सगळी वर्षं मला परत मिळाली. आणि कापून काढलेला तो टक् मी टाकला नाही. तो एकटा घेतला, खालच्या पट्टीवर वाजवला, टिपला, भोंग्यातून सोडून परत टिपला. आता तो नुसता टक् नव्हता, मोठं दार लावून घ्यावं तसा ढप्प होता, पण त्याच्या तोंडाशी जुना टक् ऐकू यायचा. तो डाव्या टोकाच्या एका पट्टीवर बसवला. उजव्या हाताखाली न संपणारा आवाज, डाव्या करंगळीखाली वळण.

आत्याला खळ्यात चालायला लावलं. ती म्हणाली, पाणी आणायला चालते ते पुरत नाही का तुला. पण चालली. मी आवाज धरून ठेवला. ती गोल गोल गेली, एकदा, परत एकदा, मग कुरकुरायला लागली की हा तर दळण घातल्यासारखा चाललाय, याला बाजू आहे की नाही. तिचं बोलणं चालू असताना मी करंगळी दाबली. तिचं तोंड माझ्याकडंच होतं, शिवी अर्धी बाहेर आली होती, आणि पाय उलटे वळले. शिवी तिनं उलट्या दिशेनं चालत पुरी केली.

लग्न वैशाखातलं. दुपारी टँकर येऊन गेला होता, मंडपाच्या कडेला निळे ड्रम काठोकाठ भरून ठेवले होते आणि दोन दिवस तेच पाणी पुरवायचं होतं. जव्हारचा वाजवणारा जनरेटरजवळ खुर्ची टाकून चहा पीत बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याची बोटं गुडघ्यावर आधीच वाजत होती. दादानं माझ्याकडं बघितलं. मी फ्लॉपी घातली. ती कुठली फ्लॉपी ते त्याला कळलं, आणि तो बँजो जुळवायला लागला.

सुरुवातीला ओळ लहान होती. पोरांनी तांबे दाखवले. मी आवाज धरला, दादाचा बँजो त्याच्यावर चढला, आणि ओळ सरकायला लागली. मी पहिल्यांदा करंगळी दाबली. ओळ वळली. पुरी वळली, टोकापासून टोकापर्यंत, मोडली नाही. मग मी लांब जाऊ दिली, मग लवकर वळवली. तांबेवाली पोरं ओळीत शिरली तेव्हा त्यांच्यासाठी खास, लागोपाठ दोनदा वळवली. त्यांना घाम फुटला. ओळीतली माणसं मान वळवून कीबोर्डकडं बघायला लागली, पुढचं कधी येतंय म्हणून. कान माझ्याकडं लागले होते. जव्हारच्या वाजवणाऱ्यानं कधी खुर्ची सोडली आणि कधी ओळीत गेला ते मी पाहिलंच नाही.

तेवढ्यात नवरदेवाच्या मित्रांबरोबर ठाण्याहून आलेले एक गृहस्थ पुढं आले. हातात टेपरेकॉर्डर आणि चांगला माइक. त्यांना आदिवासी संगीत हवं होतं. ते दादाला म्हणाले, तो कीबोर्ड जरा बंद करता का, यात मूळ आवाज हरवतोय. कोणाच्या घरी तारपा असेल तर तो आणा. तारपा भर उन्हाळ्यात लग्नात कोण काढतो, हे त्यांना माहीत नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नव्हतं. साहेब म्हटलं की दादा एरवी लगेच हो म्हणायचा, टँकरवाल्यालासुद्धा. मी आवाज धरून बसले होते आणि तो काय म्हणतो ते ऐकत होते.

दादा म्हणाला, “तिला विचारा. कीबोर्ड तिचा आहे.”

बँजो न थांबवता म्हणाला. मला दुसरं काही नको होतं.

गृहस्थ माझ्याकडं वळले आणि समजावून सांगायला लागले. बाजारात मिळणारे असे आवाज सगळीकडं असतात, तुमच्याकडचं काहीतरी अस्सल ऐकवा, तुमच्याकडं एवढा ठेवा आहे. माझ्या मनात आलं, तुम्ही शहरात दरवर्षी नवीन गाणी काढता आणि आमच्याकडून कायम जुनंच मागता. आम्ही काय तुमच्यासाठी जुनं सांभाळून ठेवायचं गोदाम आहोत? पण एवढं लांब बोलायला वेळ नव्हता.

“हा आवाज बाजारात मिळत नाही,” मी म्हटलं. “जगात या एका फ्लॉपीवर आहे. हवा तर टेप करा, नको तर नको. बंद होणार नाही.”

ते आणखी काही सांगायला लागले. मी मान देऊन ऐकत होते, डावा हात पट्ट्यांवरून निघाला होता. मागून आत्या ओरडली.

“वळव की गं बाय. पुढं ड्रम आलेत.”

ओळ मंडप ओलांडून सरळ पाण्याच्या ड्रमांवर चालली होती. आत्या टोकाला, पोट ड्रमाला टेकायच्या बेतात, मागची माणसं रेटताहेत, आणि तरी कोणी थांबत नव्हतं, कोणी आपल्या मनानं वळत नव्हतं. वळायचं अजून वाजलं नव्हतं ना. मी साहेबांना हातानंच थांबा म्हटलं आणि करंगळी दाबली.

ढप्प. ओळ वळली. ड्रममधलं पाणी काठाशी हललं, सांडलं नाही.

गृहस्थांचा माइक चालूच होता. नेलं असेल त्यांनी ते ठाण्याला, मूळ म्हणून.