रिकाम्या पायऱ्या

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या लायब्ररीत एक जपानी बाई मुलींना बाहुल्यांच्या सणाची गाणी शिकवत होत्या. लाल पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या. मी पुस्तकं परत करायला गेलो आणि ऐकत बसलो.

शेजारच्या पुणेकर गृहस्थांनी नाव सोडून सगळं सांगितलं. "मुहूर्त, पत्रिका, सगळं बंद केलंय. मुलीला सायंटिफिक वाढवतोय." त्यांची सहा वर्षांची मुलगी पुढे गात होती.

दोन गाण्यांच्या मध्ये बाई हसत म्हणाल्या, सण संपला की बाहुल्या लगेच आवरायच्या, नाहीतर मुलीचं लग्न लांबतं.

पुढचं गाणं सुरू झालं आणि गृहस्थ उठून बाहुल्या खोक्यात भरू लागले. शेवटचं कडवं मुली रिकाम्या पायऱ्यांसमोर म्हणत होत्या.

"अहो, गाणं तरी संपू द्या!" मी म्हणालो.

"तुम्हाला मुलगी नाही, म्हणून बोलताय."