आबांचा उजवा डोळा

त्या हिवाळ्यात आमच्या रायफल क्लबने पहिल्यांदाच शंभर मीटरवरची, दुर्बीण लावून नेम मारायची स्पर्धा ठेवली. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. रायफल क्लबची, दुर्बीणही क्लबचीच. ती बसवायचं काम मात्र आबांकडे आलं. आबा म्हणजे माझे वडील. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले आणि आता न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात गनमन. पलटणीत ते नव्या जवानांना नेमबाजी शिकवायचे, त्यामुळे क्लबात त्यांचा शब्द शेवटचा.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही जुईनगरहून डोंगराखालच्या रेंजवर गेलो. आबांनी रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली, दुर्बीण तिच्यावरच्या कड्यांत ठेवली. समोरच्या खांबाला दोरीने एक नट लटकवला आणि दुर्बिणीत दिसणारी, नेम धरायची उभी तार त्या दोरीशी जुळवली. तार जरा कलली तरी लांबवर गोळी बाजूला जाते. मग एकेक स्क्रू थोडाथोडा आवळत बसले. मला दम निघेना. हातमोजा घालत होते, काढत होते, फेऱ्या मारत होते.

"बस की गं एका जागी," आबा म्हणाले. "पायाला भिंगरी लावलीया का?"

अखेर मी झोपून नेम धरला. पहिली गोळी डावीकडे गेली, मी दुर्बिणीवरचं नेम सरकवायचं बटण फिरवलं. दुसरी वर गेली, पुन्हा फिरवलं.

"दर गोळीमागं पळू नगंस. पाच मार, मग बघ."

पाच मारल्या. पाची पाच दिशांना. "आबा, तारा दोन-दोन दिसताहेत मला."

"मला लख्ख दिसत्यात. सरक."

ते झोपले. पाच गोळ्या, पूर्वीसारख्याच शांतपणे. मी कागद आणायला चालत गेले. चारच भोकं होती, तीही कडेला. पाचवी कागदावर नव्हतीच.

"बॅरल तापलंय," आबा म्हणाले.

एवढ्याशा गोळ्यांनी बॅरल तापत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. दुर्बिणीच्या मागची, डोळ्याजवळची कडी त्यांनी आपल्या नजरेला जुळवून ठेवली होती. ती मी फिरवत गेले, तारा स्पष्ट झाल्या. मग पाच गोळ्या मारल्या. आठ आण्याच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या.

आबांनी दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. "आत धुकं धरलंय का?"

"नाही आबा."

ते उठून बसले. डावा डोळा तळव्याने झाकून डोंगराकडे बघितलं, मग उजवा झाकून. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "आईला बोलू नगंस."

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. आबा रोज भरलेली बंदूक खांद्याला लावून ट्रकांच्या गर्दीत उभे राहतात, हे डोक्यातून जाईना. लेक्चरला बसवत नव्हतं. संध्याकाळी त्यांची कंपनीची बस येईपर्यंत गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. गुरुवारी ते बूट सोडत होते तेव्हा माझ्या तोंडून निघूनच गेलं, "उद्या तुम्ही यार्डातल्या साहेबांना सांगता, की मी येऊन सांगू?"

"मी बंदूक धरली तवा तुझा पत्ता न्हवता!"

"निशाण दिसत नसेल तर ट्रिगरला बोट लावायचं नाही, हे कुणी शिकवलं मला?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "कसलं निशाण? काय झालंय डोळ्याला?" आबा चपला घालून खाली गेले आणि जेवण गार होईपर्यंत सोसायटीभोवती चकरा मारत राहिले.

शुक्रवारी त्यांनी स्वतःच बंदूक जमा केली. वाशीच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजव्यातला जास्त वाढलेला.

रविवारी स्पर्धेला ते माझ्यामागे खुर्ची टाकून बसले. एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या न बोलण्यानेच माझा श्वास जागेवर राहीना. मी पाचवी आले.

"वारा उजवीकडनं होता," रायफल पेटीत ठेवताना ते म्हणाले. "तू झेंड्याकडं बघितलंच न्हाईस."

ऑपरेशननंतर यार्डाने त्यांना गेटवर कंटेनरची सीलं तपासायला ठेवलं. बंदुकीशिवाय. ते काम त्यांना कधी आवडलं नाही. मी केलं ते बरोबर होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण पहिला महिनाभर, ते रिकाम्या खांद्याने ड्यूटीला निघायचे तेव्हा मी मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहायचे.