पाणमांजर आणि न धुतलेला शर्ट

बोरिवलीची खाडी ओलांडली की आमचं गाव. घरामागच्या तळ्यात सासू जिताडे पाळते. माझं माहेर खारदांड्याचं. आमच्याकडे मासा समुद्रातून यायचा. त्याला कोंबडीसारखं खायला घालून वाढवतात हे लग्नानंतर पाहिलं आणि मला हसूच फुटलं. सासूला ते अजिबात आवडलं नव्हतं.

नवरा जहाजावर आहे. तो सुट्टीवर आला की तळ्यातला सगळ्यात मोठा जिताडा त्याच्यासाठी काढायचा, तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. यंदा सुट्टी पुढे पुढे जात राहिली आणि मासा वाढत राहिला. तेवढ्यात पाणमांजर आलं. सकाळी बांधावर खवले, कल्ले आणि चिखलात पंजे. बांधाला जाळं लावलं, तर मेल्यानं खालून माती उकरली. कुत्रा बांधला, तर तो शेपूट घालून घरात.

यावर सासूचा एक जुना इलाज आहे. अंगातले घामाचे कपडे बांधावर टांगायचे. माणसाच्या वासाला पाणमांजर बिचकतं. सासऱ्यांचा गंजीफ्रॉक, सासूचा ब्लाउज, माझा गाऊन, सगळं टांगलं. शेजारणींची करमणूक झाली. थोडे दिवस ते फिरकलं नाही, मग आमच्या वासाला सरावलं.

"नवा वास पायजे, बाय," सासू म्हणाली. "त्याचा शर्ट हाय ना तुज्याकडं?"

होता. जायच्या सकाळी नवऱ्यानं उतरवलेला, न धुतलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कपाटात लपवलेला. हे कुणाला ठाऊक नाही, असं मला वाटायचं. व्हिडिओ कॉलवर तोंड दिसतं, आवाज येतो. वास येत नाही. फारच आठवण आली की मी गाठ सोडते, एकदाच हुंगते आणि लगेच बांधते. संपून गेला तर?

"नाही देणार. खाऱ्या वाऱ्यात एका दिवसात उडून जाईल वास."

"मासा पन त्याच्याचसाठी हाय ना?"

मी कपाट उघडलं. दिला. रागातच दिला.

तिन्हीसांज झाली तरी ती परतेना, म्हणून बघायला गेले. दोरी रिकामीच होती. सासू बांधावर बसली होती, शर्ट नाकाशी धरून. मला पाहूनही तिनं तो खाली केला नाही.

"अजून हाय गो वास," ती म्हणाली. मग शर्ट पिशवीत घातला आणि माझ्याहून घट्ट गाठ मारली.

"आणि मासा?"

"खाऊ दे त्या पाणमांजराला. पोरगा आला का बाजारातून आनू."

जन्मात कधी विकतचा मासा घरात न आणलेली बाई! मी तिला हात देऊन उठवलं. घराकडे चालताना तिनं पिशवी माझ्या हातात दिली.

"एकटीच नको हुंगू," ती म्हणाली. "कदी कदी मला पन दे."